कॉमेंट कुठे गेल्या? एकच फाईल सगळ्यांनी तपासताना दर वर्षी होणारा घोळ

लक्षण ओळखीचं आहे. काल रात्री ज्या कथेच्या समासात बावीस कॉमेंट होत्या, ती आज सकाळी उघडली तर समास कोरा. मजकूर तोच, नाव तेच, फोल्डर तेच. ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "कोणी डिलीट केल्या?" पाठोपाठ चौघांचा एकच जबाब, "मी हातही लावलेला नाही."

मी एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादनाचं समन्वयाचं काम बघते. गणपती गेले की आमचे पाच मुद्रितशोधक कामाला लागतात. दोघं पुण्यात, एक जण डोंबिवलीत, एक काका सांगलीत आणि एक ताई न्यू जर्सीत. तिची रात्र म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे फाईल चोवीस तास कोणाच्या ना कोणाच्या हातात असते. काम सगळं गूगल डॉक्सवर चालतं, आणि 'कॉमेंट गेल्या' हा प्रकार दर मोसमात एकदा तरी होतोच. पहिली दोन वर्षं मी यंत्राला बोल लावला. आता लावत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक वेळी कॉमेंट होत्या तिथेच होत्या. आम्हीच भलतीकडे बघत होतो.

म्हणून कॉमेंट गेली कुठे हे विचारण्याआधी ती राहते कुठे हे विचारायचं. गूगल डॉक्समधली कॉमेंट त्या एका ऑनलाइन फाईलला बांधलेली असते. वर्डची कॉमेंट फाईलच्या पोटात असते आणि फाईल जाईल तिकडे बरोबर जाते. ड्राइव्हमध्ये पीडीएफ उघडून त्यावर टाकलेली कॉमेंट पीडीएफमध्ये नसतेच, ती ड्राइव्हकडे असते. ती पीडीएफ उतरवून कोणाला पाठवलीत तर समोरच्याला कोरी पानं मिळतात. पुढचं सगळं निदान या तीन वाक्यांवर उभं आहे.

आधी बघा, ही तीच फाईल आहे का

आमच्या त्या बावीस कॉमेंटचं काय झालं होतं ते सांगते. डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी करणाऱ्या मुलाला कथा किती पानांची होते ते बघायचं होतं. त्याने गूगल डॉक्समधून ती वर्डच्या स्वरूपात उतरवली. उतरवताना कॉमेंट बरोबर आल्याच, सजेशन्ससुद्धा, म्हणजे सुचवलेल्या दुरुस्त्या, ट्रॅक चेंजेस (वर्डमधल्या खुणा केलेल्या दुरुस्त्या) होऊन आली. त्याला पान स्वच्छ हवं होतं, म्हणून वर्डमध्ये त्याने सगळ्या कॉमेंट एका फटक्यात काढल्या, अवतरणचिन्हं सुधारली आणि फाईल परत त्याच फोल्डरमध्ये चढवली. वर मदत म्हणून ग्रुपवर नवी लिंकही टाकली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फोल्डरवर 'इथे नवी फाईल टाकू नका' असं आम्ही लिहिलं नव्हतं.

आता फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली. संगणकावर निदान नावाच्या शेवटी डॉट-डॉक्स-एक्स दिसतं, मोबाईलवर लांब नाव मधेच कापलं जातं आणि शेपूट दिसतच नाही. दोन दिवस अर्धे लोक एकीवर आणि अर्धे दुसरीवर काम करत होते.

ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे लिंक. गूगल डॉक्सच्या पत्त्यात तिरप्या रेघांच्या मध्ये 'डी' हे अक्षर असतं आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे फाईलचा ओळखक्रमांक. नाव बदला, फोल्डर बदला, माळ बदलत नाही. नवी प्रत काढली की मात्र नवी माळ. माझ्या वहीत प्रत्येक लेखासमोर माळेची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं लिहिलेली असतात. कोणी "माझ्याकडे कॉमेंट दिसत नाहीत" म्हणालं की मी आधी त्याच्याकडून लिंक मागवून ही आठ अक्षरं ताडून बघते. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

दुसरी खूण फाईल उघडल्यावर वर, नावाच्या शेजारी. तिथे डॉक्स-एक्स असा छोटा शिक्का दिसत असेल तर ती वर्डचीच फाईल आहे, गूगलने फक्त उघडून दाखवली आहे. कोणी चढवली आणि कधी, ते ड्राइव्हमध्ये फाईलवर एकदा क्लिक करून तपशिलाच्या पट्टीत ॲक्टिव्हिटी बघितलं की कळतं. भांडण मिटवायला ही पट्टी फार उपयोगी.

दोन्ही प्रतींवर काम झालं असेल तर मात्र एक प्रत फेकून देऊ नका. वर्डची फाईल आधी 'सेव्ह ॲज गूगल डॉक्स' करून घ्या, मग मूळ फाईल उघडून टूल्स मेनूतलं 'कम्पेअर डॉक्युमेंट्स' वापरा. एक तिसरीच फाईल तयार होते आणि तिच्यात दोन्हींतला फरक सजेशनच्या रूपात दिसतो. ती फक्त बघायला ठेवायची आणि दुरुस्त्या एकेक करून मूळ फाईलमध्ये न्यायच्या. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. तिसऱ्या फाईललाच 'फायनल' म्हणायचा मोह होतो, पण तसं केलंत तर घोळ पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

एक वेगळा उपप्रकार. मूळ फाईलच वर्डची होती आणि कोणी त्याच नावाची फाईल चढवताना 'रिप्लेस' निवडलं, तर जुनी आवृत्ती 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये सापडते. पण ती कायम राहत नाही. ३० दिवस उलटले किंवा १०० आवृत्त्या साठल्या की जुन्या काढल्या जाऊ शकतात. महत्त्वाची असेल तर तिथेच 'कीप फॉरेव्हर' करून ठेवा. कचऱ्याच्या टोपलीत टाकलेल्या फाईलींनाही ३० दिवसांचीच मुदत.

फाईल तीच आहे, तरी समास कोरा

आठ अक्षरं जुळली, तरी कॉमेंट नाहीत. आता संशयित बदलतात.

पहिला संशयित म्हणजे बरोबरची खूण. आमचे सांगलीचे काका चाळीस वर्षं प्रूफं तपासत आले आहेत. कागदावर बरोबरची खूण म्हणजे 'पाहिलं, मान्य'. गूगल डॉक्समध्ये कॉमेंटच्या कोपऱ्यातली तीच खूण म्हणजे 'निकाली काढलं, आता नजरेआड करा'. काकांनी एका दुपारी सगळ्या कॉमेंट मन लावून वाचल्या आणि प्रत्येकीवर शिस्तीत खूण केली. संध्याकाळी समास कोरा. मी फोन केला.

"काका, तुम्ही कॉमेंट रिझॉल्व्ह केल्यात का?"

"छे गं, मी फक्त बरोबर केल्या."

इथे काहीच बिघडलेलं नसतं. वर उजवीकडे कॉमेंटचं चिन्ह आहे, ते दाबलं की सगळ्या कॉमेंटची पट्टी उघडते. तिच्यात निकाली निघालेल्याही असतात आणि तिथूनच त्या पुन्हा उघडता येतात. काकांसाठी आम्ही आता रीत ठरवली आहे. पाहिलं असेल तर उत्तरात 'पा.' एवढंच लिहायचं, खूण फक्त मी करायची. हीच खूण सजेशनवर केली तर प्रकरण आणखी वेगळं होतं. तिथे ती दुरुस्ती थेट मजकुरात उतरते.

दुसरा संशयित परवानगी. ज्याला फक्त 'व्ह्यूअर' म्हणून फाईल दिली आहे त्याला गूगल डॉक्समधल्या कॉमेंट दिसतच नाहीत. त्याच्या दृष्टीने कॉमेंट गायब आहेत आणि बाकीच्यांच्या दृष्टीने तो खोटं बोलतोय. कोणीतरी "चुकून कोणी खोडायला नको" म्हणून फाईलची परवानगी खाली आणलेली असते आणि ते ग्रुपवर सांगायचं राहिलेलं असतं. मुद्रितशोधकाला 'कमेंटर' करा. त्याला कॉमेंट दिसतात, सजेशन देता येतं, मजकूर मात्र परस्पर बदलता येत नाही. लेखकालाही तेवढंच द्यावं असं माझं मत आहे, मग लेखक कितीही मोठा असो.

तिसरं म्हणजे निव्वळ दिसण्यातली गफलत. व्ह्यू मेनूत कॉमेंट लपवायची सोय आहे, लॅपटॉपवर बोटाचा धक्का लागून ती चालू झालेली मी दोनदा पाहिली आहे. मोबाईलवर तर कॉमेंट शेजारी दिसतच नाही. पिवळ्या मजकुरावर बोट ठेवलं तरच खालून वर येते. पेन्सिलच्या जागी डोळ्याचं चित्र असेल तर एडिटिंग किंवा सजेस्टिंगवर या. एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो.

आणि चौथं, खरोखरच डिलीट झालेल्या कॉमेंट. लोक घाईघाईने व्हर्जन हिस्ट्री उघडतात आणि कालची आवृत्ती परत आणतात. असं करू नका. व्हर्जन हिस्ट्री मजकुराची असते, त्यातून खोडलेली कॉमेंट परत येत नाही. उलट आज सकाळपासून कोणी केलेलं काम त्या जुन्या आवृत्तीखाली झाकलं जातं आणि दुसरी शोधाशोध सुरू होते.

खोडलेल्या कॉमेंटचा मजकूर मिळायची एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ईमेल. कॉमेंटच्या पट्टीत घंटेचं चिन्ह असतं. तिथे 'ऑल कॉमेंट्स' निवडलेलं असेल तर प्रत्येक कॉमेंट ईमेलनेही येते, ज्या शब्दांवर ती होती त्या शब्दांसकट. जीमेलमध्ये फाईलचं नाव टाकून शोधलं की सगळी चळत समोर. मागच्या वर्षी एका लेखावरच्या कॉमेंट अशाच इनबॉक्समधून काढून मी पुन्हा टाकल्या. तेव्हापासून मोसमात माझी घंटा कायम चालू असते. इनबॉक्स तुंबतो, तुंबू दे.

'ओरिजिनल कंटेंट डिलीटेड'

कॉमेंट आहेत, पण कोणत्या शब्दाबद्दल आहेत ते कळत नाही. "इथे दीर्घ हवा" असं लिहिलंय. इथे म्हणजे कुठे? कॉमेंटच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, मूळ मजकूर काढून टाकला आहे.

याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. कोणीतरी सगळा मजकूर निवडून उचलला, बाहेर नेला, सुधारला आणि परत आणून चिकटवला. कोणी शुद्धलेखन तपासायच्या एखाद्या साधनात नेतो, कोणी वर्डमध्ये, कोणी हल्ली एआयला "जरा व्याकरण बघ" म्हणतो. परत आलेला मजकूर तुम्हाला तोच वाटतो. फाईलच्या लेखी मात्र जुनी सगळी अक्षरं मेली आणि नवी जन्माला आली. कॉमेंट जुन्या अक्षरांना बांधलेली होती. एकेक वेलांटी बदललीत तर ती तग धरते, कारण आजूबाजूची अक्षरं जिवंत असतात. सगळं एकदम पुसलंत तर तिला धरायला काही उरत नाही.

उपाय दोन. लगेच लक्षात आलं तर ज्याने चिकटवलं त्यानेच त्याच खिडकीत अनडू करत मागे जावं. वेळ गेला असेल तर दुसरा उपाय: व्हर्जन हिस्ट्रीत चिकटवण्याआधीची आवृत्ती उघडा, ती परत आणू नका, फक्त शेजारच्या खिडकीत ठेवा, आणि कॉमेंट वाचत जागा शोधत जा. इथे मला माझ्या एका जुन्या हट्टाचा फायदा झाला. आमच्याकडे कॉमेंटमध्ये नुसतं 'दीर्घ हवा' चालत नाही, 'परीक्षा – री दीर्घ' असं शब्दासकट लिहावं लागतं. सुरुवातीला सगळे वैतागले होते.

फाईलची प्रत काढायची वेळ आली तर 'मेक अ कॉपी'च्या चौकटीत कॉमेंट आणि सजेशन्स बरोबर घ्यायची का असं एक खूण करायचं घर असतं. ते रिकामं ठेवलंत की प्रत कोरी येते. छपाईसाठी ते रिकामंच हवं, तपासणीसाठी भरलेलं हवं.

'यू नीड ॲक्सेस'

ही तक्रार रोजची, पण कारण बहुतेक वेळा क्षुल्लक. तुम्ही परवानगी दिली एका पत्त्याला आणि समोरचा माणूस फाईल उघडतोय दुसऱ्याच खात्यातून. काकांच्या फोनमध्ये त्यांचं खातं आहे आणि मुलीचंही आहे. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की डॉक्सचं ॲप शेवटी वापरलेल्या खात्यातून उघडतं. मग मला एका अनोळखी पत्त्यावरून परवानगीची विनंती येते, मी ती कोणाची म्हणून दुर्लक्ष करते आणि काका तिकडे ताटकळत बसतात. वर उजवीकडचं गोल चित्र दाबून खातं बदललं की काम झालं. संगणकावर ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती उघडी असतील तर हाच गोंधळ होतो, तिथे खासगी खिडकीत एकाच खात्याने शिरून बघा.

दुसरं कारण संस्थेचं खातं. आमच्या एका मुद्रितशोधकाने कॉलेजच्या खात्यात फाईल तयार केली होती. त्या कॉलेजने बाहेरच्यांना फाईल द्यायला बंदी केलेली. शेअर करताना नाव स्वीकारलंच जाईना. यावर तुमच्या हातात काही नसतं, परवानगी कॉलेजच्या ॲडमिनकडे असते. फाईल वैयक्तिक खात्यात नव्याने करा आणि मजकूर हलवा. मात्र हे कॉमेंट पडायच्या आधी करा.

वैतागून 'एनीवन विथ द लिंक – एडिटर' करून टाकणं हा उपाय नाही. लिंक कोणत्या ग्रुपवर जाईल सांगता येत नाही, आणि खात्यात न शिरता आलेल्या पाहुण्यांची नावं 'अनॉनिमस कॅपिबारा' वगैरे दिसतात. कॅपिबाराला जाब कसा विचारणार?

मराठी मजकुराच्या खास कटकटी

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण इंग्रजीतल्या मदतपानांवर हे सापडत नाही.

लेखकाने पाठवलेली फाईल गूगल डॉक्समध्ये उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर फाईल बिघडलेली नाही. ती कृतिदेव, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांमध्ये मराठी साठवलेलंच नसतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे खरं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना म, र, काना, ठ आणि वेलांटी यांचे मुखवटे चढवतो. गूगल डॉक्सकडे तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटे गळून पडतात. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतांत, आणावाच लागतो. नियम एकच, आधी परिवर्तन, मग वाचन, मग कॉमेंट. उलट केलंत तर वर सांगितलेला 'ओरिजिनल कंटेंट डिलीटेड'चा प्रकार संपूर्ण लेखावर होतो. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हटकून तपासा, मोडतोड तिथेच असते.

दुसरी कटकट शोधण्याची. 'दुसऱ्या' हा शब्द समोर दिसतोय आणि कंट्रोल-एफ म्हणतंय की तो फाईलमध्ये नाहीच. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. 'अ'वर चंद्र असलेलं एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय असलेले लोक अजून अ लिहून त्यावर चंद्र जोडतात. पाच माणसं, पाच कीबोर्ड, एकाच लेखात दोन्ही रूपं. म्हणून 'फाइंड अँड रिप्लेस'ने एखादा शब्द सगळीकडे बदलला असं ठामपणे सांगण्याआधी दोन्ही रूपं शोधा. दुसरं रूप टाइप करता येत नसेल तर फाईलमधूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा.

तिसरी गंमत दुहेरी वेलांटीची. लेखात 'कवीता' असं चुकलेलं आहे. पुण्यात एकीने दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व टाकली. त्याच वेळी ट्रेनमध्ये, नेटवर्क नसताना, डोंबिवलीच्या दुसरीनेही तेच केलं. तिचा फोन नेटवर्कमध्ये आल्यावर फाईलमध्ये दिसलं 'कवििता', एक वेलांटी जागेवर आणि दुसरी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. यंत्र इथे चुकलेलं नाही. यामागची पद्धत १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स या संशोधकांनी मांडली, ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात तिला. फाईल पूर्ण पाठवायची नाही, 'अमुक जागी अमुक घाल', 'अमुक जागचं काढ' अशा क्रिया पाठवायच्या आणि दुसऱ्याच्या क्रियेमुळे जागा सरकली असेल तर त्या जुळवून घ्यायच्या. एकच अक्षर दोघींनी खोडलं तर ते एकदाच खोडलं जातं. पण दोघींनी नवं अक्षर घातलं तर दोन्ही ठेवली जातात, कारण कोणाचं टाकायचं हे यंत्राने परस्पर ठरवणं बरोबर नाही. इंग्रजीत असं झालं तर एक जादा अक्षर दिसतं. आपल्याकडे वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे ते असं भुतासारखं दिसतं. उपाय म्हणजे एका लेखावर एका वेळी एकच मुद्रितशोधक, आणि ऑफलाइन फक्त वाचन.

आणि हो, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात अशी कॉमेंट दर लेखावर टाकू नका, प्लीज. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल एकच आहे, पाकळी फॉन्ट देतो. डोळ्यांना फारच खुपत असेल तर वाचण्यापुरता 'तिरो देवनागरी मराठी' लावा. छपाईला फॉन्ट वेगळाच असणार आहे.

पीडीएफ आल्यावर

मांडणी झाली की गूगल डॉक्सचं काम संपतं. इथे आम्ही सगळ्यांत जास्त मार खाल्ला आहे, कारण प्रत्येकाचं पीडीएफवर लिहायचं साधन वेगळं.

ॲक्रोबॅट रीडरमध्ये टाकलेली पिवळी चिठ्ठी फाईलमध्येच सेव्ह होते. म्हणजे ती फाईल परत पाठवावी लागते, आणि पाच जणांनी पाच फाईली पाठवल्या की डीटीपीवाल्याकडे पाच प्रूफं जमतात. ड्राइव्हमध्ये कॉमेंट टाकल्या तर सगळ्या एका जागी दिसतात, पण त्या उतरवलेल्या फाईलमध्ये येत नाहीत. 'प्रिंट टू पीडीएफ' करून पाठवलेल्या फाईलमध्ये चिठ्ठ्या एक तर नसतात किंवा चित्रासारख्या चिकटलेल्या असतात, उघडून वाचता येत नाहीत. यातलं कोणतंही एक निवडा, पण सगळ्यांनी तेच. आम्ही ड्राइव्ह निवडलं, कारण काकांना फाईल परत पाठवायची कटकट नको होती.

पीडीएफमधून मराठी शब्द कॉपी करून कॉमेंटमध्ये चिकटवला तर पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार असतात, लिहिण्याचा क्रम असेलच असं नाही. म्हणून पीडीएफवर शब्द हाताने टाइप करायचा आणि पानाचा क्रमांक व ओळ लिहायची, अगदी जुन्या पद्धतीने: 'पा. ४७, खालून ६वी ओळ'.

न्यू जर्सीच्या ताईचा एक वाचनगट आहे. ते जुने लेख हायपोथेसिस हे वेबपानांवर आणि पीडीएफवर टिपा टाकायचं साधन वापरून वाचतात, तिथेही तिला हाच प्रश्न आला. हायपोथेसिसच्या टिपा फाईलच्या बाहेर, त्यांच्या सर्व्हरवर असतात. टीप कशावर आहे ते निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागचीपुढची काही अक्षरं यांवरून ओळखलं जातं, आणि पीडीएफ कोणती ते पत्त्यावरून आणि फाईलच्या आतल्या ओळखचिन्हावरून. तिने लेखाची स्वच्छ पीडीएफ नव्याने बनवून त्याच पत्त्यावर ठेवली. पत्ता जुळला, शब्द जुळले नाहीत, आणि गटाच्या टिपा 'ऑर्फन्स' म्हणजे पोरक्या टिपांच्या रकान्यात जाऊन बसल्या. जुनी पीडीएफ परत ठेवल्यावर सगळ्या आपापल्या ओळीवर आल्या. स्कॅन केलेल्या पानांवर तर शब्द निवडताच येत नाहीत, आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करावं लागतं, आणि तेही टिपा सुरू व्हायच्या आधी.

यातून आमच्याकडे प्रूफांची पद्धत बदलली. पहिल्या प्रूफाची पीडीएफ दुसऱ्याने झाकायची नाही. प्रत्येकीच्या नावात प्रूफाचा क्रमांक आणि तारीख, 'प्रूफ १ – १२ सप्टेंबर', 'प्रूफ २ – १९ सप्टेंबर'. पहिल्यावरच्या कॉमेंट एकेक करून निकाली निघाल्याशिवाय डीटीपीवाला दुसरं प्रूफ काढत नाही, आणि दुसरं आलं की पहिल्यावर सगळ्यांना 'व्ह्यूअर' करायचं. तरी काका कधी कधी पहिलंच प्रूफ उघडून बसतात. मग फोन येतो, "अगं, कॉमेंट टाकता येत नाहीये." मी लिंक मागवते, आठ अक्षरं बघते आणि त्यांना दुसऱ्या प्रूफाची लिंक पुन्हा पाठवते.